तिशी उलटल्यावर मूल हवे असेल तर



या पानावर आम्ही बेणे, खते, पाणी यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय घरातला आहे. आपल्या भागात लग्ने आता उशिरा होऊ लागली आहेत. मुली शिकतात, नोकरीला लागतात. आणि शेती करणाऱ्या मुलाला स्थळ जमता जमता तिशी कधी उलटते ते कळत नाही. मग लग्नाला वर्ष होते न होते तोच घरात कुजबुज सुरू होते आणि ती फिरून फिरून सुनेवरच येते. म्हणून पुढे नेमके काय करावे ते सांगत आहोत.

आधी हे लक्षात घ्यावे, की पंचविशीतल्या निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचांत एक एवढीच असते. तेव्हा दोन-तीन पाळ्या आल्या म्हणून घाबरू नये. पत्नीचे वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष वाट पाहावी. ३५ पूर्ण झाली असतील तर सहा महिने, आणि चाळिशी आली असेल तर थांबूच नये. पाळी अनियमित असेल, पाळीत फार दुखत असेल, पूर्वी क्षय झाला असेल, किंवा नवऱ्याला मोठेपणी गालगुंड होऊन वृषण सुजले असतील, तर वय काहीही असो, लगेच डॉक्टरांना भेटावे. पहिले मूल सहज झाले आणि दुसऱ्याला अडले, तरी हाच हिशोब.

वयाला एवढे महत्त्व का? स्त्रीची सगळी बीजे जन्मतःच तिच्या पोटात असतात, नवी तयार होत नाहीत. वर्षागणिक ती कमी होतात, दर्जाही उतरतो आणि पस्तिशीनंतर ही घसरण वेगाने होते. पुरुषाची बीजे आयुष्यभर तयार होत राहतात. पण वयाचा परिणाम तिथेही होतोच.

दिवस मोजण्यातही पुष्कळांचा घोटाळा होतो. पाळीनंतर चौदावा दिवस, असे ऐकलेले असते. खरे म्हणजे बीज सुटते ते पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. पाळी २८ दिवसांची असेल तर चौदावा दिवस बरोबर. ३२ दिवसांची असेल तर तो अठरावा होतो. तो दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस महत्त्वाचे. एवढे गणित नको असेल तर पाळी थांबल्यापासून दिवसाआड संबंध ठेवावा म्हणजे झाले. हंगामात नवरा पंधरा-पंधरा दिवस वाहनावर किंवा बाहेरगावी असेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढा विचार घरातच करावा.

आता मुख्य मुद्दा. लागण उगवली नाही तर आपण नुसत्या जमिनीला दोष देत नाही, बेणेही तपासतो. मग इथेच बाईला एकटीला दवाखाने का हिंडवायचे? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण सापडते. आणि पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी व स्वस्त आहे. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्याचा नमुना लॅबमध्ये द्यायचा, एवढेच. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख ही बीजांची खालची मर्यादा धरतात. आकडा कमी आला म्हणजे सारे संपले असे नव्हे. बीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो. साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. तंबाखू, गुटखा, दारू आणि तालमीत अंग भरण्यासाठी घेतात ती इंजेक्शने, ही सगळी या कामाला घातक. (मिश्री म्हणजे तंबाखूच, हे भगिनींनीही ध्यानात ठेवावे.)

फवारणीचेही तसेच. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डीबीसीपी नावाचे सूत्रकृमिनाशक बनविणाऱ्या कामगारांच्याच लक्षात आले की आपल्यापैकी कोणाला मुले होत नाहीत. तपासले तर कित्येकांच्या वीर्यात बीजेच नव्हती. १९७९ मध्ये तिथे त्या औषधाचा बहुतेक वापर बंद झाला. सगळीच औषधे तशी नसतात. पण उघड्या अंगाने फवारणी करून त्याच कपड्यांनी घरात वावरणे सोडावे.

स्त्रीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बीजकोशाची सोनोग्राफी आणि बीजांचा साठा सांगणारी एएमएच ही रक्ततपासणी येते. गर्भनळ्या मोकळ्या आहेत का हे औषध सोडून एक्स-रेवर पाहतात. आपल्याकडे गर्भाशयाच्या क्षयाने नळ्या बंद झालेल्या पुष्कळदा आढळतात. पांढरे जाते, ओटीपोटात दुखते एवढ्यावरून कोणी "पिशवी काढून टाका" म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय मुळीच तयार होऊ नये. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१९ साली राज्य सरकारला बीड जिल्ह्यासाठी समिती नेमावी लागली.

दिवस राहण्याची वाट पाहत असतानाच स्त्रीने ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी रोज सुरू करावी. बाळाच्या मेंदू-मणक्यातील व्यंग टाळण्यासाठी ती दिवस राहण्याआधी निदान महिनाभर पोटात जायला हवी.

उपचार कारणाप्रमाणे ठरतात. बीज सुटत नसेल तर गोळ्यांनी बऱ्याच जणींचे काम होते. दोन्ही नळ्या बंद असतील तर टेस्ट ट्यूबचा मार्ग उरतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी असे बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मले, तेव्हा हे नवल होते. आता जिल्ह्याच्या गावीही केंद्रे आहेत. पण खासगी केंद्रात एका खेपेचा खर्च लाखाच्या पुढे जातो, यशाची हमी नसते आणि चाळिशीनंतर यश फारच कमी. ऊसबिल आले म्हणून घाईने पैसे भरू नयेत. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. ते प्रमाणपत्र दाखवा म्हणावे. स्त्रीला ५० व पुरुषाला ५५ वर्षांपर्यंतच हे उपचार मिळतात. "मुलगाच देतो" म्हणणाऱ्याच्या दारात उभेही राहू नये; लिंगनिवड हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि मूल नाही म्हणून पहिली असताना दुसरी करणे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बसत नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

डॉक्टरांकडे जाताना दोघांनी मिळून जावे. मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा, चालू असलेली औषधे आणि आधीच्या तपासण्यांचे सगळे कागद एका पिशवीत घालून न्यावेत, म्हणजे त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा मोजावे लागत नाहीत.