‘चेहरे’ या शब्दाचे सूत्र : विद्यार्थ्यांच्या एका चित्रपटमहोत्सवाचा अर्थविचार

चित्रपटमहोत्सव म्हटला की अनेक देशांचे चित्रपट थोड्या दिवसांत एका ठिकाणी पाहावयास मिळण्याची सोय, एवढाच अर्थ सामान्यतः मनात येतो. काही महोत्सव मात्र आधी एक विषयसूत्र ठरवितात आणि त्यात ओवता येतील असेच चित्रपट निवडतात. हे सूत्र केवळ जाहिरातीपुरते असते, की चित्रपटांच्या अर्थावरही त्याचा परिणाम होतो, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही आपला वाटावा असा आहे. प्रस्तुत लेखात विद्यार्थ्यांनी चालविलेल्या एका महोत्सवाच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

हा महोत्सव अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु चित्रपटाच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. १९ जून १९०५ रोजी तेथील स्मिथफील्ड रस्त्यावर ‘निकलोडियन’ नावाचे लहानसे चित्रगृह उघडले. नावाचा पूर्वार्ध पाच सेंटांच्या ‘निकल’ या नाण्यावरून, तर उत्तरार्ध गायनवादनाच्या सभागृहाला असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. पाच सेंटांत कोणालाही आत जाता येई. पुढे हे नाव अशा सर्वच चित्रगृहांना लागू झाले. युरोपातून कारखान्यांत आलेल्या कित्येक मजुरांना इंग्रजी बेताचेच येत असे. पण मूकपट समजण्यास ते पुरेसे होते. परक्यांचे चेहरे एकत्र येऊन पडद्यावरचे चेहरे पाहतात, हे दृश्य या शहराला जुनेच आहे.

विद्यापीठाच्या महोत्सवाने आपल्या सूत्रांसाठी इंग्रजीतील ‘फेसेस ऑफ’ हा एकच साचा स्वीकारला. २०१६ साली त्यात ‘संघर्ष’ हे पद बसविले गेले, २०१७ साली ‘ओळख’. अन्य वर्षी ‘स्थलांतर’, ‘श्रम’, ‘प्रसारमाध्यमे’ अशी पदे आली. साचा स्थिर आणि एक जागा रिकामी, ही रचना व्याकरणाच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. रिकाम्या जागी येऊ शकणारी सर्व पदे एका गणातील होतात आणि प्रत्येकाचा अर्थ उरलेल्यांशी ताडून पाहिला जातो. संघर्षानंतरच्या वर्षी ओळख हा विषय आला, की ओळखीतील संघर्ष आपोआप नजरेत भरतो.

या साच्याचे मराठी करू गेल्यास एक अडचण उभी राहते. ‘स्थलांतराची रूपे’ किंवा ‘स्थलांतराचे पैलू’ हे भाषांतर सहज वाटते. पण त्यात माणसाचे मुख नाहीसे होते. ‘मुख’ म्हणावे तर शब्दाला पूजेचा वास येतो. ‘तोंड’ म्हणावे तर तो बोलण्या-खाण्याकडे वळतो. फारसीतून आलेला ‘चेहरा’ हाच त्यातल्या त्यात जवळचा, तथापि ‘स्थलांतराचे चेहरे’ ही रचना कानाला अजून थोडी परकी लागते. इंग्रजी शब्दात पैलू आणि चेहरा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि महोत्सवाची भूमिका नेमकी या द्व्यर्थावर उभी आहे. एका अमूर्त प्रश्नाचे पैलू दाखवावयाचे, परंतु ते माणसांच्या चेहऱ्यांतून. शिवाय शब्द अनेकवचनी आहे. स्थलांतराला एकच चेहरा असतो, असे मानण्यास हे अनेकवचन नकार देते.

शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, असे सोस्यूर यांचे प्रतिपादन आहे. चित्रपटाच्या क्षेत्रात याच जातीचा सिद्धांत रशियातील लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास प्रयोगाने मांडला. पुदोवकिन यांच्या वर्णनानुसार मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा तीन वेळा दाखविला गेला: एकदा सूपच्या थाळीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा खेळणाऱ्या मुलीशेजारी. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात अनुक्रमे विचारमग्नता, शोक आणि आनंद दिसला. अर्थ चेहऱ्यात नव्हता. तो शेजारातून आला होता. महोत्सवाचे सूत्र हे असेच एक शेजार होय.

मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा ‘फँड्री’ या महोत्सवात दाखविला गेला असे येथे सुचवावयाचे नाही. आपण केवळ कल्पनेने तो या सूत्रांखाली ठेवून पाहू. ‘श्रम’ या सूत्राखाली डुकरे पकडण्याचे लादलेले काम ठळक होईल. ‘संघर्ष’ म्हटल्यास अखेरचा भिरकावलेला दगड. ‘ओळख’ म्हटल्यास कैकाडी भाषेतील डुकराचे नाव असलेले ते शीर्षकच. चित्रपट तोच, पण प्रत्येक वेळी त्याचे केंद्र हलते. मात्र जब्याचे शालूवरील अबोल प्रेम आणि काळ्या चिमणीचा त्याचा ध्यास यांपैकी कोणत्याही सूत्रात पुरते मावत नाहीत. येथेच सूत्राचा धोका स्पष्ट होतो. सूत्र चित्रपटाला प्रेक्षक मिळवून देते, आणि त्याच वेळी त्याला एखाद्या प्रश्नाचा नमुना बनवू पाहते. लहान भाषांतील चित्रपटांना हा धोका अधिक, कारण परदेशी प्रेक्षकाने त्या भाषेतला दुसरा चित्रपट बहुधा पाहिलेलाच नसतो.

म्हणून सूत्र ठरविणे आणि त्याखाली चित्रपट निवडणे हे अशा महोत्सवातील खरे शिक्षण समजावयास हवे. प्रदर्शनाची परवानगी मिळविणे, उपशीर्षके तपासणे, पाहुण्यांना बोलावणे ही कामेही विद्यार्थ्याला पुष्कळ शिकवितात. परंतु ‘हा चित्रपट आपण का घेतला?’ या प्रश्नाचे उत्तर भरल्या सभागृहात द्यावे लागणे हा अनुभव वर्गात सहसा मिळत नाही. चित्रपटानंतरची चर्चा येथे महत्त्वाची ठरते. सूत्राने ज्या बाजूवर प्रकाश टाकला नाही, तिच्याविषयी एखादा प्रेक्षक तेथे विचारू शकतो.

सारांश, विषयसूत्र हे चित्रपटाचे वाक्यात उपयोजन आहे. वाक्यावाचून शब्दाला निश्चित अर्थ येत नाही हे खरे. पण कोणतेही एक वाक्य शब्दाचा सगळा अर्थ संपवीत नाही, हेही तितकेच खरे. आपल्याकडील महाविद्यालयांत चित्रपटमंडळे चालविणाऱ्या विद्यार्थ्यांनी सूत्र अवश्य निवडावे. मात्र त्यात न मावणारे काय उरले, याची नोंदही ठेवावी.