चालत्या दुकानाचे स्थलांतर

साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीची हळद इंटरनेटवरून विकणारे एक दुकान आहे, असे आपण समजू. मालाची यादी, पत्ते, मागण्या असा त्याचा एक टेराबाइट माहितीसाठा साताऱ्याच्या संगणकावरून सांगलीच्या नव्या संगणकावर न्यायचा आहे.

एक टेराबाइट म्हणजे सुमारे ८ लाख कोटी बिट. सेकंदाला १० कोटी बिट नेणाऱ्या जोडणीतून त्यांना ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक लागतील. माहिती तबकडीत भरण्या-उतरवण्याचा वेळ धरूनही एस.टी. आधी पोहोचेल! अ‍ॅमेझॉनने तर २०१६ साली यासाठी कंटेनर-ट्रकच आणला होता.

खरी अडचण वेगळीच आहे. या काळात दुकान चालूच असते. नक्कल निघाल्यावर कोणी पैसे भरले, तर ती मागणी नकलेत नसते. पैसे गेले, हळद नाही! म्हणून नक्कल काढल्या क्षणापासूनचा प्रत्येक बदल क्रमवार नोंदवून ठेवतात. सांगलीतील नकलेवर ते त्याच क्रमाने करतात. शेवटी दुकान काही मिनिटे थांबवून उरलेले बदल करतात, ताळा पाहतात आणि मगच गिऱ्हाइके नव्या संगणकाकडे वळवतात.

नुसत्या नोंदी मोजणे म्हणजे ताळा नव्हे. १,२०० चे २,१०० झाले तरी नोंद एकच राहते, अंकांची बेरीजही तीच! म्हणून अंकाचे स्थानही हिशेबात धरावे लागते.

वर्गात एका विद्यार्थ्याला हजेरीपट उतरवायला सांगावे आणि मध्येच मूळ पटात एक नाव बदलावे. नक्कल कुठे चुकली, हे मुलेच शोधून काढतील.