झोपेच्या यंत्राची घरघर आणि नळीतले पाणी

गेल्या डिसेंबरात, कापूस घरोघर भरलेला असताना, जैनदकडील एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. बोलता बोलता गृहिणीने माळ्याकडे बोट दाखविले. तेथे जुन्या चादरीत गुंडाळलेले एक यंत्र ठेवलेले होते. आदल्या वर्षीच्या कापसाच्या पैशांतून नागपूरहून आणलेले ते सीपॅप यंत्र होते आणि दोन महिन्यांपासून ते तसेच पडून होते. “फादर, रात्रभर शिट्टी वाजते, पहाटे नाकात थंड पाणी येते. ह्यांनी कंटाळून वर टाकले,” बाई म्हणाल्या. यजमान ओशाळून हसले. त्याच आठवड्यात बेल्याहून मोटारसायकलीने परतताना त्यांना डुलकी लागून ते थेट रस्त्याकडेच्या तुरीत शिरले होते, हे मात्र त्यांनी आम्हांस सांगितले नाही. ते बाईंनीच सांगितले.

आमच्या वाचकांपैकी अनेकांस हा विकार ठाऊक नसेल, म्हणून थोडे विवेचन करणे अवश्य आहे. काही माणसांचा घसा झोपेत सैल पडून श्वासाची वाट मिटते. माणूस घोरतो, मध्येच श्वास थांबतो, दचकून पुन्हा सुरू होतो. असे एका रात्रीत शेकडो वेळा घडू शकते. त्यास सकाळी त्यातले काही आठवत नाही. पण डोके जड असते, रक्तदाब चढतो आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. १९८० सालापर्यंत अतिगंभीर रोग्याच्या गळ्यास छिद्र पाडण्यावाचून खात्रीचा इलाज नव्हता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे मंद दाबाची हवा सतत सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती योजिली आणि पाच रोग्यांवरील आपला अनुभव १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रारंभीची यंत्रे फार मोठ्याने घोंघावत. आजचे निरोगी यंत्र शेजारच्या माणसाच्या कुजबुजीहून अधिक आवाज करीत नाही. तेव्हा ते गरजू लागले तर कोठेतरी काही बिघडले आहे असे समजावे.

त्या रात्री आम्ही तेथेच मुक्काम केला. यंत्र खाली उतरवून चालू केले आणि बॅटरीच्या उजेडात प्रथम शिट्टीचा माग काढला. मुखवट्याच्या कडेने ओला हात फिरविला असता गालाजवळ वारा लागला. रबरी गादीवर चेहऱ्याचे तेल साचले होते, शिवाय पट्टे इतके आवळलेले होते की गादी चुरमडून वारा निसटत होता. सौम्य साबणाने गादी धुतली, यजमानांस आडवे निजवून, यंत्र चालू ठेवूनच, पट्टे सैल करीत बेताने बसविले. निम्मी शिट्टी तेथेच संपली.

परंतु पुढे जे दिसले त्याने आम्हांस धास्ती वाटली. मुखवट्याच्या पुढील बाजूस बारीक छिद्रे असतात. त्यांवर चिकटपट्टी लाविलेली होती. वारा येथूनच गळतो अशी त्यांची समजूत! वास्तविक उच्छ्वासाची अशुद्ध हवा बाहेर जाण्याचा तोच एक मार्ग होय. तो बुजविला तर माणूस आपलीच सोडलेली हवा पुनःपुन्हा ओढीत राहतो. तेथून येणारी मंद ‘सूं’ ही दोष नव्हे. ती ऐकू आलीच पाहिजे. चिकटपट्टी आम्ही तत्क्षणी काढून टाकली.

घरघरीचे कारण मागील बाजूस सापडले. हवा आत ओढणाऱ्या तोंडाची गाळणी सरकीच्या तंतूंनी नि धुळीने राखाडी झाली होती. ज्या घरात कापूस साठविलेला आहे तेथे ही गाळणी दर आठवड्यास पाहावी. धुण्याजोगी असल्यास धुऊन, सावलीत पूर्ण सुकवून लावावी. पातळ कागदी असल्यास बदलावी, धुऊ नये. यंत्र लोखंडी पेटीवर ठेवलेले असल्यामुळे पेटीही थरथरत होती. जाड लाकडी पाटावर ठेवताच तो आवाज मावळला. खाली मऊ उशी मात्र घालू नये, हवेची वाट बंद होते.

राहिले पाणी. माठास घाम का फुटतो हे प्रत्येक गृहिणी जाणते; येथे तोच प्रकार, फक्त नळीच्या आतून. नाक कोरडे पडू नये म्हणून यंत्रातील डबीत पाणी तापवून हवा ओलसर केली जाते. ३० अंशांच्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, १५ अंशांवर अवघे १३. आमचा आदिलाबाद जिल्हा थंडीत तेलंगणातील सर्वांत गार भागांपैकी एक. कौलारू खोलीतून जाताना नळी गारठते, जास्तीचे बाष्प थेंब होऊन तिच्या खोलगट वळणात साचते आणि हवा त्यातून गुळगुळत नाकापर्यंत पाणी आणते. उपाय खर्चाचे नाहीत. ओलाव्याचा आकडा एकेक पायरीने उतरवावा. नळीवर जुन्या स्वेटरच्या बाहीचे आवरण शिवावे किंवा ती गोधडीखालून न्यावी. यंत्र उशीच्या पातळीहून खाली ठेवावे, म्हणजे पाणी तोंडाकडे न येता डबीकडे परतते. एवढ्याने भागले नाही तर तापणारी नळी मिळते, पण ती त्या यंत्राच्या जातीचीच असावी लागते. डबीत औषधांच्या दुकानातील ऊर्ध्वपातित पाणी घालावे; विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने पांढरा थर बसतो. सकाळी डबी रिकामी करून सुकवावी, आणि भरल्या डबीसह यंत्र कधीही उचलू नये. पाणी मोटारीत शिरते. हवेचा दाब मात्र वैद्याच्या सांगण्यावाचून कोणीही बदलू नये.

जुनी यंत्रे स्वस्तात घेणाऱ्यांस एक सूचना. फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये आपली अनेक यंत्रे परत मागविली, कारण आवाज शोषण्यासाठी आत बसविलेला फेस झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याचा संभव होता. वापरलेले यंत्र घेताना त्याचा क्रमांक कंपनीकडे ताडून पाहावा. नळीत काळे कण दिसल्यास यंत्राचा उपयोग करण्यापूर्वी वैद्यास विचारावे.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी निळ्या स्वेटरची बाही उसवली. पंधरा दिवसांनी त्या मिस्सेस आल्या तेव्हा आम्ही चौकशी केली. नाकात पाणी एकदाच आले होते. त्या रात्री बाही धुऊन वाळत घातली होती.