रस्ता थांबतो तेव्हा

भंडारा जिल्ह्यातील तुमसर हे गाव धानाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. मळणी आटोपली, की आसपासच्या खेड्यांतून धानाची पोती तेथील बाजारात येऊ लागतात आणि गिरण्यांतून निघालेला तांदूळ मालमोटारींत भरून दूरदूरच्या गावी जातो. तालुक्याच्या उत्तर भागात मँगनीजच्या खाणी आहेत. मुंबई-हावडा लोहमार्गावरील ‘तुमसर रोड’ हे जंक्शन गावापासून थोड्या अंतरावर देव्हाडी येथे असून, तेथून तिरोडीकडे रेल्वेचा एक फाटा जातो. ज्या मुलखात एवढा माल रस्त्याने आणि रुळांवरून वाहतो, तेथे रस्ता आणि रूळ एकमेकांना छेदणारच. आणि जेथे ते छेदतात, तेथे फाटक आलेच.

फाटक पडले, की रस्ता थांबतो. मालमोटारी, एसटीच्या गाड्या, बैलगाड्या, सायकली अशी रांगच लागते. वाहनचालकाला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. परंतु रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या माणसाचा दिवस त्याच वेळी उगवतो. कोणी भाजलेल्या शेंगा आणतो, कोणी बोरे आणतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा असल्यामुळे पावसाळा सरला, की तलावांतील शिंगाडेही विकायला येतात. मालगाडीचा शेवटचा डबा निघून जाईपर्यंत जेवढी विक्री होईल तेवढी खरी. फाटक उघडले, की गिऱ्हाईक निघून जाते आणि विक्रेता पुढच्या गाडीची वाट पाहत बसतो.

वाटसरू जेथे थांबतो तेथे बाजार भरतो, हा फार जुना नियम आहे. नदीच्या उतारापाशी, घाटाच्या पायथ्याशी, जकातीच्या नाक्यावर पूर्वीपासून दुकाने लागत आली. थांबण्याची जागा बदलली, म्हणजे बाजारही जागा बदलतो. फाटकाच्या जागी उड्डाणपूल झाला, की वाहने वरून निघून जातात आणि खालच्या टोपलीवाल्याला दुसरी जागा शोधावी लागते. महामार्गावरील पथकर नाक्यांवर फेब्रुवारी २०२१ पासून ‘फास्टॅग’ची पद्धत सक्तीची झाली. पथकर आपोआप भरला जाऊ लागला, तसा नाक्यावरचा खोळंबाही कमी झाला. प्रवाशाचा वेळ वाचला. परंतु त्याच वेळेवर ज्याचे पोट अवलंबून होते, त्याचा तेवढा वेळ हरवला.

तुमसरचा तांदूळ घेऊन निघालेली मालमोटार भंडाऱ्यावरून नागपूरला पोचते, तेव्हा तिला थांबवणारे फाटक नसते. तेथे दिवे असतात. रस्त्यावरील वाहतुकीला दिव्यांनी आज्ञा देण्याची कल्पना प्रथम लंडनमध्ये प्रत्यक्षात आली. तेथील पार्लमेंटजवळ १८६८ च्या डिसेंबर महिन्यात वायूवर जळणारा तांबडा-हिरवा दिवा बसवण्यात आला. थोड्याच दिवसांत, १८६९ च्या जानेवारीत, वायूचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग थांबला. पुढे १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात विजेवर चालणारे दिवे लागले. त्यानंतर हळूहळू जगभरच्या शहरांत चौकाचौकांतून तांबडा, पिवळा आणि हिरवा असे तीन दिवे दिसू लागले. वाहनांची टक्कर होऊ नये आणि प्रत्येक दिशेच्या वाहनांना आपापली पाळी मिळावी, एवढाच या दिव्यांचा हेतू होता. परंतु दर मिनिटा-दोन मिनिटांनी ज्याअर्थी वाहने थांबू लागली, त्याअर्थी फाटकावरचा बाजार चौकातही येऊन उभा राहिला.

हा बाजार वर्षाच्या ऋतूंबरोबर पालटत असतो. जानेवारी आणि ऑगस्ट महिन्यांत छोटे तिरंगी झेंडे येतात. उन्हाळ्यात गाडीच्या काचेला लावण्याचे पडदे येतात, हिवाळ्यात कानटोप्या येतात. गजरे, फुगे, खेळणी, लेखण्या आणि गाडी पुसण्याची फडकी बारा महिने असतात. गिऱ्हाइकाला जे सहज घेता येईल आणि विक्रेत्याला जे हातावर वागवता येईल, तेच येथे विकले जाते.

या विक्रेत्याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. समजा, तांबडा दिवा ९० सेकंद राहतो. त्यांतील पहिली काही सेकंदे वाहने थांबण्यात जातात आणि शेवटची काही सेकंदे विक्रेत्याला बाजूला होण्यासाठी राखून ठेवावी लागतात. उरते ते जेमतेम एक मिनिट. माल दाखवणे, भाव सांगणे, पैसे घेणे आणि मोड परत देणे यांत एका गाडीजवळ १५ सेकंदे गेली, तर त्या मिनिटात चारच गाड्या होतात. त्या चारांपैकी तिघांनी मान फिरवली, तर विक्री एकाची.

आता पैशांचे गणित पाहावे. समजा, एका बाईने पहाटे फुलबाजारातून १० रुपयांना एक याप्रमाणे ४० गजरे आणले आणि ती ते २० रुपयांना एक याप्रमाणे विकते. तिने ४०० रुपये गुंतवले आहेत. पहिले २० गजरे विकले जाईपर्यंत तिच्या हाती नफ्याचा एक पैसाही पडत नाही. तिचे स्वतःचेच पैसे परत येत असतात. दिवसाअखेर ३० गजरे खपले आणि १० सुकून गेले, तर तिची दिवसभराची कमाई २०० रुपये झाली. अशा वेळी एखादा चालक घासाघीस करून गजरा १५ रुपयांना मागतो. त्याच्या दृष्टीने किंमत पाव हिश्श्याने उतरली. परंतु तिचा त्या गजऱ्यावरील लाभ १० रुपयांवरून ५ रुपयांवर आला, म्हणजे निम्मा झाला. घासाघीस करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. तथापि ती करताना हे गणित ठाऊक असलेले बरे.

याहून अवघड प्रसंग मोड देण्याच्या वेळी येतो. चालकाने मोठी नोट दिली आणि विक्रेता पैसे मोजत असतानाच हिरवा दिवा लागला, तर काय करावे? मागचे भोंगे वाजू लागतात, गाडी पुढे सरकते आणि विक्रेता उरलेले पैसे घेऊन गाडीमागे धावत सुटतो. कधी उलटही घडते. वस्तू चालकाच्या हातात असते, पैसे द्यायचे राहतात आणि गाडी निघून जाते. या व्यवहाराला पावती नाही, साक्षीदार नाही. तो केवळ विश्वासावर चालतो. अलीकडे पुष्कळ विक्रेते मोबाइलवरून पैसे घेतात, त्यामुळे मोड देण्याची अडचण थोडी कमी झाली आहे. तरीही रस्त्याच्या मध्यभागी धावण्याचा धोका, वाहनांचा धूर आणि विदर्भातील वैशाखाचे ऊन ही टळलेली नाहीत.

चालकाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचे लक्ष दिव्याकडे असावे लागते. काचेवर एकाएकी टकटक झाली, तर तो दचकतो. दुचाकीवरील माणसाला तर मध्ये काचही नसते. गाडी सुरू करताना एखादे लहान मूल चाकाजवळ तर नाही ना, ही धास्ती त्याला असते. एकाला पैसे दिले, की आणखी चौघे येतात, असाही त्याचा अनुभव असतो. म्हणून कोणी सरळ समोर पाहत राहतो, कोणी काच वर करतो, कोणी नाणे देऊन मोकळा होतो आणि कोणी विनाकारण रागे भरतो. यांतील पहिले तिन्ही मार्ग समजण्यासारखे आहेत. चौथ्याने मात्र कोणाचेच भले होत नाही. ‘नको’ हा शब्द शांतपणेही उच्चारता येतो.

रस्त्यावर विक्री करणे हा गुन्हा नसून तो एक धंदा आहे, हे कायद्यानेही मान्य केले आहे. २०१४ साली भारताच्या संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केला. त्यानुसार शहरांत नगर पथविक्रेता समित्या स्थापन करायच्या असतात. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे हा कायदा सांगतो. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांची पाहणी करावी, त्यांना प्रमाणपत्र द्यावे आणि विक्रीसाठी जागा ठरवून द्याव्यात, अशीही त्यात तरतूद आहे. हे प्रमाणपत्र १४ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीलाच मिळू शकते. विक्रेत्याला हक्काची जागा मिळाली, म्हणजे त्याला चालत्या वाहनांमध्ये जीव धोक्यात घालावा लागणार नाही, आणि चालकाचीही धास्ती दूर होईल.

परंतु चौकात सर्वच जण काही विकायला आलेले नसतात. काहींचे हात रिकामे असतात आणि ते पुढे पसरलेले असतात. वृद्धपण, अपंगत्व, दुष्काळामुळे सुटलेले गाव, घरच्यांनी टाकून देणे अशा अनेक कारणांनी माणूस भिक्षेपर्यंत येतो. त्यांतील कोण खरा गरजू आणि कोणाकडून दुसरा कोणी भीक मागवून घेत आहे, हे दीड मिनिटात ओळखणे कोणालाही शक्य नाही.

१९५९ साली, जेव्हा विदर्भही मुंबई राज्यातच होता, तेव्हा त्या राज्याने भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. भिक्षा मागणाऱ्याला पकडून भिक्षेकरीगृहात ठेवण्याची तरतूद त्यात होती. पुढे दिल्लीतही हाच कायदा लागू झाला. परंतु २०१८ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने, गरिबीला गुन्हा ठरवणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती रद्द केली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावरून भिक्षेकऱ्यांना हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला. शिक्षण आणि रोजगार नसल्यामुळे माणसे भीक मागतात, असे न्यायालयाचे म्हणणे होते. याउलट मार्च २०२३ मध्ये नागपूरच्या पोलिसांनी शहरातील चौकांत भीक मागण्यास काही काळ मनाई केली. वाहतूक सुरळीत राहावी, ही गरज खरी आहे. आणि चौकातून उठवलेल्या माणसाने जायचे कोठे, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

या प्रश्नाचे उत्तर विदर्भातील दोन थोर पुरुषांनी कृतीने दिले. गाडगे महाराज गावात आले, की हाती खराटा घेऊन प्रथम गाव झाडीत आणि मगच भाकरी घेत. लोकांकडून मिळालेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नछत्रे चालवली. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोड्याजवळ ‘आनंदवन’ उभारण्यास आरंभ केला. ज्या कुष्ठरुग्णांना समाजाने रस्त्यावर टाकले होते, त्यांनीच तेथे विहिरी खोदल्या, शेती पिकवली आणि हातमागावर कापड विणले. भिक्षेसाठी पुढे झालेल्या हातालाही काम करता येते, हे आनंदवनाने दाखवून दिले.

चौकातील लहान मुलांची गोष्ट मात्र वेगळी आहे. मूल दिसले, की चालकाला दया येते आणि तो चटकन पैसे देतो. त्यामुळे मूल मोठ्यांपेक्षा अधिक कमावते. ते अधिक कमावते म्हणूनच त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकात उभे केले जाते आणि शाळा दूरच राहते. अशा रीतीने चांगल्या हेतूने दिलेले नाणेही मुलाला रस्त्याशी बांधून ठेवते. भारतात ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. म्हणजे सकाळी अकरा वाजता फुगे विकत उभ्या असलेल्या मुलाची खरी जागा वर्गातील बाकावर आहे.

ठाणे शहरातील तीन हात नाका येथे हा हक्क मुलांपर्यंत नेण्याचा एक उत्तम प्रयत्न झाला. मराठवाडा, सोलापूर इत्यादी दुष्काळी भागांतून आलेली काही कुटुंबे तेथील उड्डाणपुलाखाली राहत आणि त्यांची मुले सिग्नलवर गजरे किंवा खेळणी विकत. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांकडे जावे, असा विचार करून ठाणे महानगरपालिका आणि ‘समर्थ भारत व्यासपीठ’ या संस्थेने २०१६ च्या जून महिन्यात त्याच पुलाखाली ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. माल वाहून नेण्याच्या मोठ्या लोखंडी पेट्यांतून वर्ग तयार केले. मुलांना आंघोळ, जेवण आणि अभ्यास एकाच जागी मिळू लागला. २०१८ साली या शाळेतील दोन विद्यार्थी दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाले. ज्या दिव्याखाली ती मुले गाड्यांमागे धावत होती, तो दिवा तेथेच होता. पण त्यांच्या हातात आता पुस्तक होते.

मग तांबड्या दिव्यापाशी थांबलेल्या प्रवाशाने काय करावे? हवी असलेली वस्तू योग्य भावाने घ्यावी आणि सुटे पैसे आधीच काढून ठेवावेत. नको असेल, तर सौम्यपणे नको म्हणावे. वृद्ध वा अपंग माणसाला काही द्यावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारून ठरवावे. परंतु कोणाचा अपमान करू नये. एखादे मूल एकटे किंवा संकटात दिसले, तर १०९८ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करून कळवावे. हिरवा दिवा लागला, की तुमसरची मालमोटार आपल्या वाटेने निघून जाईल. चौकात मागे राहणाऱ्या माणसांची पुढची वाट मात्र दिव्याने मोकळी होत नाही; ती समाजाला करून द्यावी लागते.

स्वाध्याय

१. उड्डाणपूल आणि फास्टॅग यांमुळे रस्त्यावरच्या विक्रेत्यांवर काय परिणाम होतो?
२. गजऱ्याच्या किमतीत ५ रुपये कमी केले, तर गिऱ्हाइकाचा आणि विक्रेत्याचा हिशेब कसा बदलतो, ते सांगा.
३. लहान मुलाला चौकात पैसे दिल्याने त्याचे अहित कसे होते?
४. ‘शाळेनेच मुलांकडे जावे’ हा विचार ठाण्यात कसा अमलात आला?
५. तुमच्या गावात वाहने कोठे थांबतात आणि तेथे काय विकले जाते, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.