दोन पंप मारले की लागतो ब्रेक

“मिस्तरी, दोन पंप मारले की मस्त लागतो ब्रेक. फक्त एअर काढून द्या.” जुनी ४०७ घेऊन जाफराबादला माझ्या गॅरेजवर येणारे बहुतेक ड्रायव्हर हेच सांगतात. रोग त्यांनीच ठरवलेला असतो, औषधही. आपण फक्त पाना फिरवायचा.

टाटांनी ही गाडी १९८६ साली आणली. आमच्या भागात तिच्यावर काय लादलं जात नाही? जालन्याची सळई, पिंपळगाव रेणुकाईची मिरची, मका, सोयाबीन, मोसंबी. गाडी म्हातारी झाली तरी ओझं तेवढंच, कधी जास्तच. इकडच्या पठारावर नरम पेडल खपून जातं. पण बुलढाणा ओलांडून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट लागला (आपलं गणपतीचं राजूर नव्हे), की तिथं पंप मारत बसायला सवड नसते.

मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तिथं हवा म्हणजेच ताकद. ४०७सारख्या गाडीत हे काम ब्रेक ऑइल करतं आणि हवा शिरली की घात होतो. पेडल दाबलं की मास्टर सिलेंडर नळ्यांमधून ऑइल चाकांकडे ढकलतो, तिथल्या व्हील सिलेंडरचे पिस्टन फाकतात आणि लायनर ड्रमला जाऊन भिडतात. ऑइल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा आकसते. गुरांच्या डॉक्टरांकडची मोठी सिरिंज पाण्यानं गच्च भरा आणि तोंडावर अंगठा दाबून धरा, दट्ट्या हलणार नाही. आत बुडबुडा ठेवून तेच करून बघा, दट्ट्या दबतो आणि परत उसळतो. नरम पेडल हेच.

आता एअर काढून देणं अवघड नाही. पण नळ्या बंद असताना ती आत आली कुठून, हे कुणी विचारत नाही. वाट तशीच ठेवून नुसती हवा काढली, तर गिऱ्हाईक थोड्या दिवसांनी पुन्हा दारात उभं. काही गॅरेजांना ते परवडतही असेल.

म्हणून पाना हातात घेण्याआधी मी स्वतः पेडलवर पाय ठेवतो. पहिल्यांदा खोल गेलं, पण पंप मारल्यावर वर येऊन दगडासारखं घट्ट झालं, तर बहुतेक वेळा हवा नसतेच. लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात, ब्रेक जवळ घेतले की काम भागतं. पंप मारून वर आलं तरी पायाखाली लुसलुशीत लागतंय, तर हवा आहे, नाहीतर रबरी होज जुने होऊन दाबाखाली फुगतायत. आणि पाय दाबून ठेवला असताना पेडल सावकाश खाली उतरत गेलं, बाहेर मात्र कुठं थेंब नाही, तर मास्टरच्या आतलं रबर गेलेलं. पेडल उलट कडक झालं, तर बूस्टर किंवा त्याला व्हॅक्यूम देणारा पंप बघायचा. तो रोग वेगळा.

टेंभुर्णीकडच्या एका मामांची तक्रार वेगळी होती. “डबीतलं ऑइल उतरतंय, पण सांडत कुठंच नाही.” आधी चाकं पाहिली. मागच्या चाकाला आतून ओल होती. पण ओल दिसली म्हणजे ब्रेक ऑइलच असं नाही, हौसिंगचं ऑइलही तिथंच गळतं. बोटाला लावून पाण्याखाली धरायचं. ब्रेक ऑइल धुऊन जातं, हौसिंगचं चिकटून राहतं. मामांचं चिकटून राहिलं. तेव्हा मास्टर खोलून बूस्टरपासून वेगळा केला, तर बूस्टरचं तोंड ओलं. मास्टरच्या मागच्या रबरातून ऑइल गुपचूप बूस्टरमध्ये जात होतं. डबी रिकामी होत आली की हवा आत, आणि मामा म्हणायचे एअर काढा.

जुन्या गाडीची एअर काढताना आणखी एक गोम असते. पोरगा केबिनमध्ये, मी चाकाखाली. “दाब... धर... सोड,” असं चालतं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं, मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, आणि पोरानं पाय उचलायच्या आत निपल बंद. हे सगळेच करतात. पण पोरगा जोरात तळापर्यंत पेडल दाबतो, तेव्हा मास्टरचं रबर रोज जिथं जात नाही त्या गंजलेल्या भागावरून घासत जातं. सकाळी बरा असलेला मास्टर संध्याकाळी फाटतो तो असा. मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. बाटलीत आलेलं ऑइल पुन्हा डबीत ओतत नाही, मालक कितीही कुरकुरला तरी.

ऑइलची हेळसांड मला सगळ्यात जास्त खटकते. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ ऑइल कोरडं असताना २०५ अंशांच्या खाली उकळू नये असं मानक आहे, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ब्रेकवर पाय ठेवून सळईची गाडी उतरवली की ड्रम तापतात, ती धग सिलेंडरपर्यंत जाते, ऑइलची वाफ होते आणि पेडल थेट फळीला टेकतं. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागतो, म्हणून ड्रायव्हरला वाटतं काही झालंच नव्हतं. फडताळावर महिनोन्‌महिने उघडी पडलेली टिन म्हणूनच वापरू नये. आणि अडचणीत कुणी डबीत इंजिन ऑइल ओतलं असेल, तर सगळी रबरं फुगतात. मग नळ्या धुऊन एकूणएक रबर बदलण्याला पर्याय नाही.

आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो. पण तिथं गाडी बहुधा रिकामी असते आणि रस्ता सपाट. माल भरल्यावर, निघायच्या आधी, इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. पाय खाली सरकत गेला तर माल उतरवा, नाहीतर दुसरी गाडी सांगा. भाडं बुडतंय म्हणून मामाही आधी चिडले होते.