चिंध्यांची भिंगरी

उल्हासनगरबद्दलचा एक जुना विनोद मध्य रेल्वेच्या प्रवाशांना तोंडपाठ असतो. वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ असं छापलेलं दिसलं, तर ते अमेरिकेचं न समजता ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चं समजावं! आम्ही अंबरनाथकरही या विनोदाला वर्षानुवर्षं हसत आलो. पण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या अंगावरची जीन्स याच गावात शिवलेली असते, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं.

कापड बेतायचं म्हटलं की चिंधी पडणारच. पँटचे पाय, पट्टे, खिसे एकमेकांत कितीही हुशारीने बसवले, तरी मधे पाचरीसारख्या जागा उरतात. थरावर थर रचून मशीनने कापड कापलं, की अशा शेकडो पाचरी एकदम बाहेर पडतात. त्या गोणीत भरल्या जातात आणि किलोवर विकल्या जातात. मोठे तुकडे पिशव्या शिवणाऱ्यांकडे जातात आणि अगदी बारीक चिंधी यंत्रं पुसायला. त्यातली मधल्या आकाराची, वीतभर लांबीची चिंधी पाहिली, की माझ्यासारख्या बाईचा हात आपोआप गोणीत जातो. दुकानदार विचारतो, “क्या करोगी इसका?” गोधडी असं उत्तर दिलं की तो पुन्हा एकदा आपल्याकडे नीट पाहतो.

खरं तर गोधडी ही वस्तू या गावाला परकी असू नये. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली आणि 1947 नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी तिथे उल्हासनगर या गावाची कोनशिला बसली. आजही पत्ता सांगताना कॅम्प एक ते पाच असाच सांगतात. सिंधमधली खास वस्तू म्हणजे रल्ली, म्हणजे आपल्या गोधडीची थोरली, सजलेली बहीण. ‘रलणू’ म्हणजे मिसळणं, जोडणं. चौकोन-त्रिकोण जोडून वरचा थर करायचा, खाली जुने कपडे अंथरायचे आणि जाड दोऱ्याने सरळ ओळीत टाके घालायचे. आमच्या जुन्या घराशेजारी राहणाऱ्या सिंधी अम्मांनी माझ्या आईची वाकळ उलटीपालटी करून पाहिली होती. “हमारी तो रल्ली है, तुम्हारी गरीब है,” असं त्या म्हणाल्या. आईला राग आला नाही. ती म्हणाली, “गरीब आहे पण उबदार आहे.” दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच येत होती, तरी शिवणावरून त्यांचं कधी अडलं नाही.

आईची वाकळ गरीब होती ती एकाच अर्थाने. तिच्यात नक्षी नव्हती. जुनी लुगडी एकावर एक घालून कडेपासून आत धावदोरा घालत जायचा, फाटलं तिथे ठिगळ लावायचं, एवढाच तिचा खाक्या. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती गोधड्या अशाच असतात, आणि माझ्या मते त्यांच्यात काही उणं नाही. पण ज्यांना शिवण शिकायचंय, हातात रंगीत चिंधी आहे आणि चौकोनांचा कंटाळा आला आहे, त्यांनी त्रिकोणाकडे वळावं. चौकोनाला चौकोन जोडला की फरशी होते. त्याच चौकोनात एक तिरकी रेघ आली, की त्याची भिंगरी, डमरू, डोंगर, पतंग, काय हवं ते होतं.

मग बायका त्रिकोणाला घाबरतात का? कारण कापडाचा तिरका धागा, शिंपी ज्याला उरेब म्हणतात तो, लबाड असतो. उभा धागा ताणला तर ताणत नाही, आडवा थोडासा देतो, पण तिरका रबरासारखा वाढतो. आधी त्रिकोण कापले आणि मग त्यांच्या तिरक्या कडा जोडायला घेतल्या, की एक बाजू लांब, दुसरी आखूड आणि मधे फुगा. यावरचा उपाय इतका सोपा आहे, की तो पहिल्यांदा कळल्यावर मला शाळेतली भूमिती पुन्हा शिकावीशी वाटली. त्रिकोण मुळी कापायचाच नाही. आधी शिवायचं, मग कापायचं.

एक गडद आणि एक फिका असे पाच-पाच इंचांचे दोन चौकोन घ्या. त्यांची सुलटी अंगं एकमेकांवर ठेवा. फिक्या कापडाच्या उलट्या बाजूवर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढा. या रेघेवर शिवायचं नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच अंतर ठेवून दोन शिवणी मारा आणि मग नेमकं रेघेवरून कापा. उघडलंत की हातात दोन चौकोन येतात, प्रत्येक अर्धा गडद, अर्धा फिका. कड जोडेपर्यंत तिरका धागा मोकळा झालेलाच नसतो, त्यामुळे तो ताणायचा प्रश्नच येत नाही. शिवण गडद बाजूला झुकवून इस्त्री करा. इस्त्री दाबायची, फिरवायची नाही, कारण फिरवली की कापड सरकलंच. मग कडा छाटून हा चौकोन बरोबर साडेचार इंचांचा करा. छाटताना तिरकी शिवण कोपऱ्यातूनच गेली पाहिजे. इथे पाच मिनिटांचा आळस केला, तर पुढे दोन दिवस उसवत बसावं लागतं.

असे चार चौकोन गडद भाग एकाच दिशेने फिरवत जोडले, की भिंगरी तयार. शिवणीत गेलेलं सोडून ती आठ इंचांची भरते. चार ओळींत चार-चार अशा सोळा भिंगऱ्या लावल्या, की बत्तीस इंचांचा चौरस होतो. भोवती दोन इंचांची किनार लावली की झाला छत्तीस इंच, म्हणजे वारभर लांब आणि वारभर रुंद. तान्ह्या बाळाचं दुपटं! यासाठी चौकोन किती लागतील तेही सांगून ठेवते : बत्तीस गडद आणि बत्तीस फिके. पहिल्याच खेपेला डबल बेडच्या गोधडीला हात घालू नये. तीनशेवर त्रिकोण शिवता शिवता घरातली माणसं आपल्याला आणि आपण शिवणाला विटतो.

डमरूची युक्ती याच्याच पुढची. असे दोन तयार चौकोन सुलट्यावर सुलटं, एकाचा गडद भाग दुसऱ्याच्या फिक्यावर येईल असे ठेवायचे, आधीच्या शिवणीला छेदणारी रेघ ओढायची आणि पुन्हा तेच, दोन्ही बाजूंना शिवण आणि मधे काप. दोन डमरू हाती येतात. दोनदा कापल्यामुळे चौकोन लहान होतो, म्हणून सुरुवात पाचऐवजी साडेपाच इंचांनी करावी. आमच्या गावात डमरूचं कौतुक जास्त असणं साहजिकच आहे. वालधुनीच्या काठी 1060 साली बांधून झालेलं शिवमंदिर उभं आहे. त्याच्या शिखराच्या पडझडीतून उरलेल्या भागाकडे एकदा शिवणाऱ्या बाईच्या नजरेने पाहा. एकच छोटी शिखराकृती घेऊन ती ओळीवर ओळ रचत वर नेलेली आहे. आम्ही कापडात जे करतो, तेच शिलाहारांच्या कारागिरांनी दगडात केलं. फक्त त्यांना उसवायची सोय नव्हती.

त्याच वालधुनीने पुढे जीन्सचे रंगही पाहिले. कापड धुणाऱ्या-रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरून वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या आणि प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलं. गोणीभर चिंधीची गोधडी केल्याने नदी स्वच्छ होत नाही, असा दावा कुणी करूही नये. मी चिंधी आणते ती मला कापड टाकवत नाही म्हणून, एवढंच.

डेनिमबद्दल मात्र स्पष्ट सांगते. त्याच्या भिंगरीच्या नादी लागू नका. मधोमध आठ टोकं एकत्र येतात आणि तिथे अशी गाठ बसते की सुई मोडते. डेनिमचे मोठे चौकोन करावेत, सुई सोळा नंबरची घ्यावी आणि शिवण दोन्हीकडे उघडून दाबावी. पण डेनिमची एक गंमत वापरण्यासारखी आहे. त्यात उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात, म्हणून उलटी बाजू फिकी दिसते. एकाच कापडाचे तुकडे सुलटे-उलटे लावले, की गडद-फिक्याचा मेळ फुकटात जमतो. त्रिकोणांसाठी गोणीतलं खिशाचं पातळ सुती कापड शोधावं. कुठलंही नवं कापड आधी धुऊन घ्यावं, रंग जात असेल तर तो बादलीत जाऊ दे. आणि जुनं, मऊ पडलेलं सुती कापड असेल तर त्याला भाताच्या पेजेची खळ करावी. मऊ लुगडं कापताना हातातून पळतं, खळ केली की कागदासारखं शहाण्याने वागतं.

ही खळ मी शिकले ती आईच्या पातळांवर. आई गेली तेव्हा तिच्या कपाटात अकरा सुती पातळं होती, धुऊन, घडी करून ठेवलेली. मी म्हटलं, याची गोधडी करू. नाशिकला असलेली माझी धाकटी बहीण फोनवर गप्प झाली आणि मग म्हणाली, “ताई, त्यांना कात्री लावलीस तर मी तुझ्याकडे येणार नाही.” तिचं म्हणणं, पातळं आहेत तशी राहू देत, कधी उघडून वास तरी घेता येईल. माझं म्हणणं, वास दोन पावसाळ्यांत जाईल आणि मग कसर येईल. दोघींचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. चार महिने आम्ही एकमेकींशी फक्त ‘जेवलीस का’ एवढंच बोललो.

शेवटी मार्ग काढला तो तिनेच. म्हणाली, “पदर कापायचे नाहीत. आणि नुसती आईचीच पातळं वापरायची नाहीत, नाहीतर ती पांघरायची हिंमत कुणाला होणार नाही.” दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला शिवायला बसल्यावर कळला. प्रत्येक चौकोनात अर्धा त्रिकोण आईच्या पातळाचा आणि अर्धा उल्हासनगरच्या चिंधीचा, असं ठरलं. अंजिरी रंगाशेजारी कुणा परक्याच्या खिशाचा पांढरा तुकडा आला आणि ती गोधडी स्मारक न राहता पांघरूण झाली. पदर बहिणीने नेले.

चिंधीला मान देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ही म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांवरूनच. मगधातली बांधाबांधांची भातखाचरं पाहून बुद्धांनी आनंदाला तशीच रचना असलेलं चीवर करायला सांगितलं, अशी कथा विनयपिटकात आहे. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका जी गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. ती कडेपासून सुरू होऊन आत आत जाते आणि तिच्या चारही कोपऱ्यांत कापडाच्या घड्या घालून केलेले फुलं नावाचे तुकडे बसवतात. फुलं नसलेली कवंदी उघडी समजतात. मला हे इतकं आवडलं, की माझ्या दुपट्यांनाही मी कोपऱ्यात घडीचे त्रिकोण लावते. चौकोन कर्णावर दुमडला, पुन्हा एकदा दुमडला आणि किनारीत खोचला, की झालं.

तिकडे अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. इथे माझ्या मैत्रिणीने तीन आठवडे खपून केलेल्या गोधडीला एका दुकानदाराने चारशे रुपये देऊ केले. “जुन्या कपड्यांचीच तर आहे,” असं त्याचं म्हणणं. तिने ती घडी करून पिशवीत घातली आणि घरी आणली. कापड जुनं असेल, पण तीन आठवडे तर नवेच होते ना? बायकांच्या हातकामाचा भाव ठरवताना कापड मोजलं जातं, वेळ मोजला जात नाही. विकायची असेल तर तास लिहून ठेवावेत, असं मी आता सगळ्यांना सांगते. आकडा समोर दिसला की आपल्यालाच कमी सांगायची लाज वाटते.

बदलापूरला माझी मोठी जाऊ राहते, उल्हास नदीपासून फार लांब नाही. 26 जुलै 2005 ला तिच्या तळमजल्यात पाणी शिरलं, आणि 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली तेव्हाही शिरलं. दोन्ही वेळा गाद्या फेकाव्या लागल्या. कापूस कुजला की त्याला इलाज नाही. गोधड्या मात्र गच्चीवर टाकून, धुऊन, पुन्हा टाकून वाचल्या. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही, दोघी लागतात, पण आत नुसतं सुती कापड असेल तर ती पुरती वाळते. तेव्हापासून मी आत पॉलिएस्टरचा फोम घालत नाही. मधे एक जुनी चादर, खाली एक पातळ, बस्स. तिन्ही थर तळहाताएवढ्या अंतरावर टाचून घ्यावेत आणि धावदोरा मधून सुरू करून बाहेर आणावा, म्हणजे घड्या कडेला निघून जातात. आईची रीत उलटी होती, कडेकडून आत. तिला जमायचं.

वाहिनीने आता एक मोठी गोधडी मागितली आहे, डमरूची. त्यातले अडीचशे चौकोन झाले आहेत. बहिणीने परवा कुरिअरने एक पुडकं पाठवलं. आत एका पदराचा वीतभर तुकडा, किनारीसकट, आणि चिठ्ठी : ‘हा कोपऱ्यातल्या फुलाला लाव. एकाच.’ तुकडा फार विरलेला आहे, त्याला आज पेजेची खळ करून वाळत घातलाय.