आधी दोर, मग करवत

वळवाचे दिवस जवळ आले की बेळगावसारख्या झाडाझुडपांच्या गावात एका माणसाचा शोध सुरू होतो. कौलांवर ओणवलेली आंब्याची फांदी, कंपाउंडच्या भिंतीला रेटणारा गुलमोहर, विजेच्या तारांत शिरलेला नीलगिरीचा शेंडा, या साऱ्यांसाठी 'झाड तोडणारा' हवा असतो. तो कोयता घेऊन येतो, अनवाणी वर चढतो, दोन तासांत झाड बोडके करतो आणि मजुरी घेऊन जातो. त्या झाडाचे पुढे काय होणार आणि त्या माणसाचे काय झाले असते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

पाश्चात्त्य देशांत या कामाला स्वतंत्र व्यवसायाची प्रतिष्ठा लाभली आहे. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या जॉन डेव्ही या माळ्याने १९०१ साली 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक लिहिले आणि वृक्षवैद्य ही कल्पना तेथे रुजली. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या दोन तरुणांनी हा व्यवसाय येथे काढण्याचे मनावर घेतले आहे. भांडवल तुटपुंजे असल्याने प्रथम यांत्रिक करवत घ्यावी, असा त्यांचा विचार होता. माझे मत मात्र निराळे पडले. त्यांच्यासाठी जी माहिती जमविली, तीच येथे मांडतो.

पहिला खर्च दोरावर व्हावा. काथ्याचा किंवा सुताचा दोर पावसात भिजून आतून कुजतो आणि बाहेरून धडका दिसतो. चढणाऱ्यासाठी १२-१३ मिलिमीटर जाडीचा, याच कामासाठी बनविलेला कृत्रिम धाग्याचा दोर, कमरेला व मांड्यांना आवळणारा पट्टा आणि शिरस्त्राण, एवढे आधी हवे. फांदी उतरविण्याचा दोर आणि कप्पी वेगळी ठेवावी. ज्या दोराने ओझे उतरविले, त्यावर माणसाचा जीव टांगू नये. ओझे केवढे असते, याचा एक हिशेब पाहा. एक फूट व्यासाची, दहा फूट लांबीची आंब्याची ओली फांदी सुमारे २०० किलो भरते. ती कौलांवर सुटली तर काय होईल, हे सांगावयास नको. दोराला चीर पडली, की तो त्या कामातून कायमचा बाद करावा.

त्यानंतर हातकरवत. मनगटाएवढ्या फांद्या घडीच्या हातकरवतीने सहज उतरतात. यांत्रिक करवत घेतलीच, तर तिचा रोजचा सांभाळ शिकून घ्यावा. बहुतेक नव्या यंत्रांत एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल पडते. साखळीचे तेल निराळे. लाकडाच्या कपच्या न उडता पिठासारखा भुसा पडू लागला, की दात बोथट झाले असे समजावे आणि गोल कानस हाती घ्यावी. बोथट करवत माणसाला जोर लावावयास भाग पाडते, आणि जोर लावला की हात घसरतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर यंत्र क्षणार्धात तोंडाकडे उसळते. शिडीवर उभे राहून हे यंत्र कधीही चालवू नये.

आता झाडाची बाजू. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक अ‍ॅलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या जखमा तपासल्या. माणसाप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही. झाड सडलेल्या भागाभोवती जणू भिंत उभारते व पुढे वाढत राहते, असे त्यांनी दाखवून दिले. फांदी खोडातून निघते तेथे फुगीर कड असते. संरक्षणाचे मुख्य सामर्थ्य तेथेच असते. म्हणून खोडालगत सपाट कापू नये व लांब खुंटही ठेवू नये. कडेच्या किंचित बाहेर कापावे. जड फांदीला प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालून खाच द्यावी, मग थोडे पुढे वरून कापून भार उतरवावा, आणि शेवटी राहिलेला खुंट काढावा. असे केल्याने साल खोडापर्यंत सोलली जात नाही. कापावर डांबर फासण्याची आपली जुनी पद्धत निरुपयोगी ठरली आहे. एका वर्षी हिरव्या पर्णभाराच्या चौथाईहून अधिक छाटणी करू नये.

व्यवहाराची अंगे आणखी आहेत. कर्नाटकात १९७६ चा आणि गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना झाड पाडता येत नाही. मोठ्या फांद्यांबाबतही आधी विचारून घ्यावे. तारांजवळचे काम वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री करूनच घ्यावे. झाड प्रत्यक्ष पाहिल्यावाचून भाव सांगू नये. लाकूड कोणाचे, पालापाचोळा कोण उचलणार, कौल फुटले तर भरपाई कोणाची, हे आधीच कागदावर यावे. घरटी दिसली, तर काम पुढे ढकलावे. पावसाळ्यापूर्वी कामांची झुंबड उडते आणि नंतर हात रिकामे राहतात. म्हणून मिळकतीतून दोरांचा, विम्याचा आणि रिकाम्या महिन्यांचा वाटा बाजूला काढणे अगत्याचे. वर एक, दोरावर एक आणि रस्त्यावरील माणसे थोपविणारा एक, अशी तिघांची तुकडी हे किमान प्रमाण होय.

हे सारे केले, तर भाव वाढणारच. कोयतेवाला निम्म्या पैशांत काम करतो, आणि आपण घासाघीस करून त्यालाच बोलावितो. तो जो स्वस्तपणा देतो, तो त्याच्या हातापायांच्या मोलाने देतो, याची जाणीव आपण गिऱ्हाइकांनी ठेवली पाहिजे. यापुढे झाडाला माणूस बोलाविताना भाव विचारण्याआधी त्याचा दोर पाहावा, आणि फांदी नेमकी कोठे कापणार ते विचारावे. ज्याच्याजवळ या दोहोंचे उत्तर आहे, त्याला दोन पैसे अधिक द्यावेत. आजोबांनी लावलेला आंबा नातवांपर्यंत पोहोचावा आणि त्यावर चढलेला माणूस संध्याकाळी आपल्या घरी पोहोचावा, यासाठी एवढा खर्च फार नाही.